उजवीकडे अडीच, डावीकडे पावणेतीन

"पहिलं बरं, की दुसरं?"

चष्मेवाल्यांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि स्वयंपाकघराच्या दारातून बायकोकडे पाहिलं. ती बटाटे सोलत होती. एक डोळा घड्याळावर होता, कारण तिला वाचनालय उघडायला जायचं होतं.

"पहिलं," ती म्हणाली.

"जरा विचार करून सांग."

"मग दुसरं."

"अगं, 'मग दुसरं' काय? दोन वेगवेगळ्या रीड्स होत्या. पहिलीचा आवाज कसा गोल होता. दुसरीचा चपटा."

"मला दोन्ही वेळा तेच ऐकू आलं. आधी छान चाललं होतं, आणि मग कोंबडीच्या पायावर कुणीतरी पाय दिला."

कोंबडीबद्दल चष्मेवाल्यांचंही दुमत नव्हतं.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर एका मास्तरांचा वाद्यांचा क्लास होता. छतातून झिरपणारे सूर ऐकत ऐकतच त्यांनी वर्षानुवर्षं लोकांचे डोळे तपासले. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि एके दिवशी दुकानाला कुलूप लावून घरी जायच्याऐवजी ते जिना चढून वर गेले. "मला हे शिकायचंय," भिंतीवर टांगलेल्या सॅक्सोफोनकडे बोट दाखवून ते म्हणाले. मास्तरांनी त्यांच्या पोटाकडे पाहून दमाचा अंदाज घेतला आणि हो म्हटलं.

आता क्लासचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता, आणि मास्तरांनी त्यांना एक संथ धून एकट्याने वाजवायला दिली होती. बाकीचे सगळे तेवढा वेळ गप्प बसणार होते. आपण बोलतोय आणि बाकीचे गप्प बसलेत, असा प्रसंग चष्मेवाल्यांच्या आयुष्यात फारसा आलेला नव्हता. ते हरखून गेले होते. अडचण एवढीच होती, की धुनेच्या मध्यावर एक उंच स्वर होता. तिथपर्यंत सगळं शिस्तीत जायचं, आणि तिथे पोचलं की वाद्य चिरकायचं.

"रीड बदलून बघा," मास्तर एकदा सहज म्हणाले होते. तेवढं पुरलं.

रीड म्हणजे बोरूची एक चपटी पट्टी. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याएवढी, एका टोकाला तासून तासून नखासारखी पातळ केलेली. वाद्याचा जो भाग तोंडात धरायचा, त्यावर ती घट्ट बसवायची. फुंकलं की ती थरथरते, आणि सगळा आवाज त्या थरथरीचा. बाकीचं एवढं मोठं पितळी धूड म्हणजे नुसता थाट. आणि या रीड्सना नंबर असतात. कमी नंबरची मऊ, जास्त नंबरची कडक. दोन, अडीच, तीन. ज्या माणसाचा अख्खा जन्म सव्वा, दीड आणि पावणेदोनात गेला, त्याला हे कळल्यावर दुसरं काय होणार?

त्यांनी प्रत्येक नंबरचा डबा आणला. मग त्यांना शोध लागला, की एका डब्यातल्या सारख्या नंबरच्या रीड्सही सारख्या नसतात. एक गोड, एक घोगरी, एक मुकी. सकाळी बरी वाटणारी रीड संध्याकाळी रुसते. त्यांनी चष्म्याच्या काचेची जाडी मोजायच्या यंत्रात रीड्स घातल्या. दुकानातल्या बारीक पॉलिश पेपरने त्यांची टोकं घासली. वाजवण्याआधी रीड ओली करावी लागते, म्हणून दिवसभर कुठली ना कुठली रीड त्यांच्या ओठांतून बाहेर डोकावत असायची. दुकानात येणारे लोक बिचकायचे. "ताप आहे का?" एका बाईंनी काळजीने विचारलं होतं. "नाही, अडीच आहे," चष्मेवाले म्हणाले होते, आणि त्या बाई थोडं लांब सरकून बसल्या होत्या.

घरी तर काय, रोज सकाळी तासभर तुलना चालायची. धून सुरू करायची, उंच स्वरापर्यंत जायचं, चिरकलं की थांबायचं, रीड बदलायची, पुन्हा पहिल्यापासून. बायको सोशिक होती. शिवाय वाचनालयात दिवसभर तिला शांतताच शांतता मिळत असल्यामुळे तिचा हिशेब जुळत होता. चष्मेवाल्यांना खरी धास्ती होती ती खालच्या मजल्याची.

खाली निवृत्त जजसाहेब एकटेच राहत. ताठ, कमी बोलणारे, जिन्यात भेटले तरी समोरच्याला आपण शपथेवर आहोत असं वाटायला लावणारे. महिन्याभरापूर्वी त्यांनी चष्मेवाल्यांना जिन्यातच गाठलं होतं.

"तुम्ही रोज सकाळी जे वाजवता, ते असं किती दिवस चालणार आहे?"

"कार्यक्रम होईपर्यंत फक्त, साहेब," चष्मेवाले म्हणाले होते.

"हं," जजसाहेब म्हणाले होते आणि खाली निघून गेले होते.

त्या 'हं'ने चष्मेवाल्यांची झोप उडवली होती. त्यात काय नव्हतं? नाराजी होती, ताकीद होती, पुढच्या कारवाईची सूचना होती. बायकोचं म्हणणं, 'हं' म्हणजे नुसतं 'हं'. पण तिने 'हं' प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं.

आणि हेच जजसाहेब त्या दिवशी दुपारी दुकानात हजर झाले.

"वाचताना त्रास होतो," ते म्हणाले. "अक्षरं हलतात."

चष्मेवाल्यांनी लगबगीने त्यांना आतल्या तपासणीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. घाबरल्यामुळे तोंडातली रीड काढायची राहून गेली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर मध्येच काढणं बरं दिसलं नसतं. त्यांनी जजसाहेबांच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, हातात छापील अक्षरांचा कागद दिला, आणि एकामागून एक काचा लावायला घेतल्या.

"हे बरं, की हे?" ते रीडच्या कडेने म्हणाले.

"दुसरं."

"आणि आता? हे बरं, की हे?"

तीस वर्षं ते हा प्रश्न विचारत होते. हात आपोआप चालत, तोंड आपोआप विचारत असे. मनाला त्या वेळी काहीच काम नसे, आणि त्या दुपारी चष्मेवाल्यांचं मन त्यांच्या स्वतःच्या ओठांत अडकलेल्या रीडपाशी होतं. ही रीड काही वेगळीच लागत होती. जिभेला तिची एक कड जाड वाटत होती. एक कड जाड आणि एक पातळ, हेच तर चिरकण्याचं कारण नसेल? मास्तर म्हणालेच होते काहीतरी असं.

"पावणेदोन," त्यांनी मनाशी ठरवलं. दोन्ही डोळे पावणेदोन. जजसाहेबांना त्यांनी बाहेर आणून बसवलं आणि फ्रेम निवडायला मावशींच्या ताब्यात दिलं.

मावशी दुकानात काचा कापायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. पद्धत ठरलेली होती. चष्मेवाले आतल्या खोलीतून नंबर मोठ्याने सांगायचे, मावशी बाहेरून "बरं" म्हणायच्या आणि खणातून काचा काढायच्या. इतक्या वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती.

चष्मेवाले नंबर सांगायला पुन्हा आत गेले, आणि फोन वाजला. मास्तर होते. त्यांच्या मागे क्लासमधले दोन ट्रम्पेट चालू होते, त्यामुळे ओरडून बोलणं भाग होतं.

"रीडचं काय झालं?" मास्तरांनी ओरडून विचारलं.

"तेच सांगणार होतो," चष्मेवाले ओरडले आणि तोंडातली रीड काढून तपासणीच्या दिव्यासमोर धरली. उजेड तिच्यातून पार जात होता, एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी. त्यांना अगदी धन्य वाटलं. "दोन्ही बाजू सारख्या नाहीत."

"किती फरक आहे?"

"उजवीकडे अडीच," चष्मेवाले गरजले. "डावीकडे पावणेतीन."

"बरं," बाहेरून मावशी म्हणाल्या.

ते "बरं" चष्मेवाल्यांच्या कानावर पडलं, आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात नोंद झाली की नंबर सांगून झाला आहे. ते रीड घेऊन तसेच मागच्या जिन्याने वर क्लासमध्ये गेले.

दोन दिवसांनी दुकान आवरता आवरता मावशी म्हणाल्या, "जजसाहेब चष्मा घेऊन गेले. नंबर चांगलाच वाढला होता हो त्यांचा."

"छे. पावणेदोन तर आहे."

"अडीच आणि पावणेतीन."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल."

चष्मेवाले स्टुलावर बसले. मावशींना रीडची हकिकत सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते नुसतेच "हो, हो, बरोबर" म्हणाले. तीस वर्षांत एकाही माणसाला त्यांनी चुकीचा नंबर दिला नव्हता. आणि दिला तो कुणाला, तर जजसाहेबांना. आता ते पुस्तक नाकाशी धरून बसत असतील. डोकं दुखत असेल. मग त्यांना कळेल, की वरच्या मजल्यावरचा माणूस सकाळी कानांवर अत्याचार करतो आणि दुपारी डोळ्यांवर.

ते घरी पोचले, तर बायको दारातच उभी.

"जजसाहेब वाचनालयात आले होते. म्हणाले, यजमानांना शनिवारी संध्याकाळी खाली पाठवा. जरा बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"ते नाही सांगितलं. वाद्य घेऊन या म्हणालेत."

"वाद्य घेऊन? म्हणजे मुद्देमालासकट?"

"असं काही म्हणाले नाहीत."

"त्यांना म्हणायची गरज नसते." त्यांनी चष्म्याची सगळी हकिकत तिला सांगितली. सांगताना 'उजवीकडे अडीच' ज्या आवाजात ओरडले होते, त्याच आवाजात ओरडूनही दाखवलं, आणि मग जीभ चावून खालच्या मजल्याकडे पाहिलं.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. "त्यात काय एवढं? तशीच दुसरी फ्रेम घ्या, बरोबर नंबरच्या काचा बसवा. ते रोज वाचनालयात येतात. शेल्फाकडे जाताना चष्मा काढून टेबलावर ठेवतात. मी बदलून टाकते. त्यांना काही कळायचं नाही, आणि शनिवारी निदान एकाच गुन्ह्याची चौकशी होईल."

बायको इतकी निर्ढावलेली आहे, हे चष्मेवाल्यांना संसाराच्या इतक्या वर्षांनी कळलं. त्यांना तिचा फार आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी मावशी जेवायला गेल्या असताना त्यांनी स्वतः काचा कापल्या. तसाच तपकिरी चष्मा, दोन्हीकडे पावणेदोन. शुक्रवारी सकाळी बायको तो पर्समध्ये घालून वाचनालयात गेली. ठरल्याप्रमाणे जजसाहेब आले, खिडकीजवळच्या टेबलाशी जाड कादंबरी उघडून बसले. थोड्या वेळाने चष्मा पुस्तकावर ठेवून शब्दकोश बघायला उठले. बायको टेबलं पुसायला म्हणून तिकडे गेली, आणि ती परत आली तेव्हा अदलाबदल झाली होती.

जजसाहेब येऊन बसले. चष्मा लावला. पुस्तक थोडं लांब धरलं. मग आणखी लांब. मग हात पुरेना, तेव्हा पुन्हा जवळ आणलं. चष्मा काढून पुसला. खुर्ची खिडकीकडे ओढली. बायको काउंटरमागून सगळं बघत होती.

"बाई," ते म्हणाले, "दिवे कमी केलेत का?"

"नाही साहेब."

"मग माझेच कमी झाले असतील." त्यांनी पुस्तक मिटलं आणि काउंटरवर आणून ठेवलं. "हे परत घ्या. रंगात आलं होतं. पण आता वाचून होईलसं दिसत नाही. काल किती छान दिसत होतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तिला सोसवेना. तक्रार असती तर ती नियमावर बोट ठेवून बोलली असती.

"द्या बघू तो चष्मा," ती म्हणाली. "काचांवर काहीतरी बसलंय. पुसून देते."

ती काउंटरखाली वाकली, पुसण्यात घालवावा तेवढा वेळ घालवला आणि पहिला चष्मा त्यांच्या हातात दिला. जजसाहेबांनी तो लावून पुस्तक उघडलं. पानभर वाचलं. मग पान उलटून म्हणाले, "तुमच्या फडक्यात काहीतरी आहे बाई," आणि वाचनालय बंद होईपर्यंत टेबलावरून हलले नाहीत.

संध्याकाळी बायकोने पर्समधला चष्मा काढून नवऱ्यासमोर ठेवला.

"जमलं नाही?" चष्मेवाले धसकले.

"जमलं. मग परत बदलला. अहो, तो चुकीचा चष्माच बरोबर आहे."

"चुकीचा बरोबर कसा असेल?"

"ते तुम्ही बघा. त्यांना चुकीच्यातून दिसतं आणि बरोबरमधून दिसत नाही. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं."

"शक्य नाही. मी स्वतः तपासलंय."

"तपासताना तोंडात काय होतं?"

चष्मेवाल्यांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं, की सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वाचायला पावणेदोन पुरला, याचं त्यांना त्याच दुपारी आश्चर्य वाटायला हवं होतं. दुकानात नवा शिकाऊ असता तर त्यालाही वाटलं असतं.

शनिवारी संध्याकाळी ते एका हातात सॅक्सोफोनची पेटी आणि दुसऱ्या हातात तपासणीच्या काचांची पेटी घेऊन खाली उतरले. मागून बायको. जजसाहेबांनी दार उघडून दोन्ही पेट्यांकडे पाहिलं.

"मी फक्त वाद्य म्हणालो होतो. राहायला आलात का?"

"साहेब, आधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे."

"बसून करा," जजसाहेब म्हणाले. "माझ्यासमोर लोक आधी नाकारायचे. तुम्ही नवीन सुरुवात करताय."

खोलीत पुस्तकांची कपाटं होती, खिडकीशी एक आरामखुर्ची होती आणि तिच्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला होता. चष्मेवाल्यांनी सोफ्याच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. रीड, फोन, ट्रम्पेट, मावशी. वाचनालयातली अदलाबदल सांगायची वेळ आली तेव्हा ते अडखळले, तर बायकोच म्हणाली, "ते मी केलं. दोन्ही वेळा."

"तरीच," जजसाहेब म्हणाले. "मी त्याच फडक्याने घरचा आरसा पुसून बघणार होतो."

मग चष्मेवाल्यांनी पेटी उघडली आणि तोंड रिकामं ठेवून पुन्हा डोळे तपासले. हळू, एकेक काच, उत्तर ऐकून. उजवा डोळा अडीचला थांबला. डावा पावणेतीनला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तेच.

"पण त्या दिवशी माझ्या हिशेबाने पावणेदोन आला होता," ते हताशपणे म्हणाले.

"येणारच. मी दुसरं म्हणायचो, तुम्ही पहिलं लावायचात. दोनदा सांगून पाहिलं. तुम्ही तोंडात काडी धरून कुठेतरी लांब बघत होता. मला वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असेल."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"चष्मा उत्तम निघाला ना. मला वाटलं, तुम्ही मला बोलू दिलंत आणि शेवटी स्वतःच्या मनाने योग्य तेच केलंत. मी कोर्टात तीस वर्षं दुसरं काय केलं?" त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "हा विषय निकाली. आता वाद्याचं बघू."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्या जरा जवळ सरकली.

"मी सकाळी चहा घेऊन या खुर्चीवर बसतो," जजसाहेब म्हणाले. "तुम्ही सुरू करता. चांगली धून आहे. हळूहळू वर चढते, मी पुढे सरकून बसतो, ती वरती पोचते आणि तुम्ही थांबता. जरा वेळाने पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबता. रोज. मी लोकांना पुष्कळ तारखा दिल्या, पण रोज सकाळी चार चार वेळा एकच खटला पुकारायचा आणि तहकूब करायचा, असं मीसुद्धा केलं नाही. जिन्यात तुम्हाला विचारलं, असं किती दिवस चालणार. तुम्ही म्हणालात, कार्यक्रमापर्यंत. आता माझ्याच्याने थांबवत नाही. त्याच्या पुढे काय आहे, ते मला ऐकायचंय."

बायकोला ठसका लागला. तो हसण्याचा होता, पण तिने तो ठसक्यासारखा पार पाडला.

चष्मेवाल्यांच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. त्यांनी वाद्य जोडलं, गळ्यात अडकवलं आणि सुरुवात केली. घाबरायचं कारण संपल्यामुळे श्वास मोकळा होता, आणि धून खरंच छान चढत गेली. वरच्या स्वरापाशी वाद्य नेहमीसारखं चिरकलं. ते थांबले. हात आपोआप खिशातल्या दुसऱ्या रीडकडे गेला.

"पुढे," जजसाहेब म्हणाले.

चष्मेवाले पुढे गेले. दोन-चार स्वर आले. मग बोटं एका जागी घुटमळली, वेगळ्याच वाटेला लागली आणि उभी राहिली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच. कार्यक्रम आठवड्यावर आला होता, महिनाभर ते रोज तासभर वाजवत होते, आणि एवढ्या काळात त्यांनी धुनेच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला हातसुद्धा लावला नव्हता. रीड पारखायला पहिला भाग पुरत होता.

"मला पुढचं येत नाही," ते म्हणाले.

"मग कार्यक्रमात काय करणार होता?"

"मी म्हटलं, आधी चांगली रीड मिळू दे..."

"रीडला येतं का पुढचं?" जजसाहेबांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी अगदी साध्या आवाजात, माहिती म्हणून विचारला होता. चष्मेवाल्यांनी त्यावर विचार केला आणि मान हलवली.

त्या दिवसापासून कार्यक्रमापर्यंत ते रोज दुकानातून थेट खालच्या मजल्यावर जात. जजसाहेब आरामखुर्चीत नवा चष्मा लावून कादंबरी वाचत बसलेले असत. चष्मेवाले खिडकीकडे तोंड करून वाजवत. चुकले आणि थांबले की पुस्तकातून डोकं वर न काढता आवाज यायचा, "पुढे." कामावरून परतताना बायको तिथेच टेकायची, मग जजसाहेब तिघांसाठी चहा टाकायचे. तो फार पातळ व्हायचा, पण ते काही कुणी बोललं नाही. रीड्सचे डबे वर कपाटात पडून होते. वाद्यावर जी होती ती होती. रोज एक-दोन ओळी जागेवर बसत गेल्या, आणि शुक्रवारी पहिल्यांदाच धून शेवटाला पोचली. जजसाहेबांनी पुस्तक मिटून ठेवलं. "असं आहे होय," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. चष्मेवाल्यांची पाळी आली तेव्हा बाकीचे विद्यार्थी खरोखरच गप्प बसले. तिसऱ्या रांगेत बायको होती, तिच्या शेजारी ताठ बसलेले जजसाहेब, त्यांच्या पलीकडे मावशी. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. धून संथपणे चढत गेली, वर पोचली, आणि तो उंच स्वर स्वच्छ, गोल, कुठेही न फाटता बाहेर पडला. चष्मेवाल्यांना स्वतःला इतका धक्का बसला, की ते जवळजवळ थांबलेच होते. पण बोटांना आता पुढची वाट माहीत होती. ती चालत राहिली आणि धून शेवटपर्यंत घेऊन गेली.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. मावशी म्हणाल्या, हे छतातून ऐकण्यापेक्षा समोरून बरं वाटतं. बायकोने फक्त त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली, जी मुळात नीटच होती.

जजसाहेब दाराशी थांबले होते. त्यांनी चष्मेवाल्यांचा हात हातात घेतला.

"उत्तम झालं. शेवट तर फारच." ते जरा घुटमळले. जजसाहेबांना घुटमळताना चष्मेवाल्यांनी प्रथमच पाहिलं. "एक विचारू? मध्ये वर जाऊन तो एक आवाज यायचा, तो आज आला नाही. गाळलात का?"

"कुठला आवाज, साहेब?"

"सगळं इतकं गंभीरपणे चाललेलं असताना एकदम कुणीतरी दाबलेलं हसू फुटल्यासारखा. मला त्या धुनेत तीच जागा फार आवडायची. सकाळी मी खरं म्हणजे तिचीच वाट बघत असायचो. आज तिसऱ्या रांगेत जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि तुम्ही सरळ निघून गेलात."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको हॉलचं छत न्याहाळत होती आणि तिचे खांदे हलत होते. खरं काय ते सांगायला ही चांगली वेळ होती. जजसाहेब तपकिरी चष्म्यातून उत्तराची वाट बघत होते.

"हॉल मोठा आहे ना साहेब," चष्मेवाले म्हणाले. "ती जागा फक्त घरी घ्यायची असते."

"हं," जजसाहेब समाधानाने म्हणाले. "मग उद्या सकाळी ऐकतो."